रक्त पेर्वांशचं, नाव तांपेतचं

"तू फक्त डॉक्टरीणबाईंना कॉफी पाज. बाकीचं सगळं माझ्यावर सोड!"

बाझील, म्हणजे माझा नवरा, असं म्हणाला तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. या माणसाने आयुष्यात जे जे 'माझ्यावर सोड' म्हणून घेतलं, ते ते फिरून माझ्याच डोक्यावर आलं. गोठ्याच्या छपरावरच्या फरश्या त्याने स्वतः बसवल्या होत्या. पहिल्या बर्फाला त्यातल्या अर्ध्या माझ्या कोबीच्या वाफ्यात होत्या. उरलेल्या अर्ध्या शेजारणीच्या वाफ्यात गेल्या आणि ती अजून माझ्याशी तुटक बोलते.

या वेळी त्याने अंगावर घेतलेलं काम होतं तांपेतचं रक्त वाचवण्याचं.

तांपेत ही आमची गाय. काळपट तांबडी, आखूड पायांची, जाड मानेची, आणि नजर अशी की पाद्रीबाबासुद्धा गोठ्यात आले की आधी टोपी काढायचे. आमच्याकडे थंडी सरली की गायींच्या झुंजी लागतात. शिंगाला शिंग भिडवायचं, रेटायचं आणि जी आधी पाठ फिरवेल ती हरली. हरलेल्या गायीला त्याचं काही नसतं, ती बाजूला होऊन गवत खायला लागते. मालकाच्या घशाखाली मात्र वर्षभर घास उतरत नाही. जिंकली ती राणी. तिच्या शिंगांना लाल गोंड्यांचा तुरा बांधतात आणि मालक तिला गावातून मिरवत घरी नेतो. त्या दिवशी त्याचं चालणं बघावं. गाय साधीच चालत असते, मालकाचे पाय जमिनीला लागत नसतात.

बाझीलच्या नशिबात ते चालणं कधी आलं नव्हतं. आलं होतं ते माझ्या भावाच्या. सेराफिन माझा धाकटा भाऊ. त्याची मार्कीझ लागोपाठ राणी होत आलेली. तुरा मिळाला की तो तिला घेऊन बरोबर आमच्या खिडकीखालून जायचा. त्याच्या घराचा रस्ता आमच्या खिडकीखालून नव्हताच मुळी! आणि वर बघून विचारायचा, "काय दाजी, झालं का जेवण?" दाजींनी त्या दिवशी ताटाला हातही लावलेला नसायचा.

तांपेतचं वय होत आलं होतं. पुढच्या वर्षी तिला मैदानात उतरवता येणार नाही, हे बाझीललाही दिसत होतं. मेहुण्याला एकदा, फक्त एकदा हरवायचं, एवढंच त्याचं आयुष्याकडे मागणं होतं. घर मोठं नको, गाडी नको, फक्त सेराफिनचं तोंड उतरलेलं बघायचं. भाऊ माझा असला तरी खरं सांगते, मलाही ते बघायचं होतं.

आता रक्ताचं. झुंजीच्या आधी सगळ्या गोठ्यांतल्या गायींचं रक्त तपासायचं, असा नियम. रोगराई नको म्हणून. पण बाझीलच्या वडिलांची एक गाय कधी काळी रक्त काढल्यानंतरच्या झुंजीत समोरचीला बघूनच पळाली होती आणि पळताना पंचांचं टेबल शिंगावर घेऊन गेली होती. तेव्हापासून त्या घराण्याचं ठाम मत झालं की रक्ताबरोबर गायीची हिंमत निघून जाते. मी म्हटलं, अरे, बोटाएवढी नळी ती, तीत कितीशी हिंमत मावणार?

"पहिली धार असते ना," तो गंभीरपणे म्हणाला, "ती सगळी हिमतीची असते."

या माणसापुढे काय डोकं फोडायचं!

बेत असा होता. आमच्या गायी भिंतीकडे तोंड करून ओळीत बांधलेल्या. मागून येणाऱ्याला दिसतात ते नुसते पार्श्वभाग. गुरांच्या डॉक्टरीणबाई शेपटी उचलून शेपटीखालच्या शिरेतून रक्त काढणार आणि कानातल्या बिल्ल्याचा नंबर पुढून बाझील ओरडून सांगणार. अर्ध्या गायी झाल्या की मी बाईंना कॉफीला वर बोलवायचं. तेवढ्यात बाझील तांपेतला मागच्या वासरांच्या खोलीत कोंडणार आणि तिच्या जागी आधीच रक्त दिलेली पेर्वांश आणून बांधणार. पेर्वांशही काळपट तांबडी, पण स्वभावाने इतकी गरीब की तिच्या अंगावर मांजर झोपायचं. तिचं दोनदा काढलं तर बिघडतं कुठे? तिला हिमतीची गरजच नव्हती.

डॉक्टर लोरेदाना आल्या. तरुण, सडपातळ, रबरी बूट घातलेल्या, हात भराभर चालणाऱ्या. पेर्वांशचा नंबर लागला, शेपटी वर, सुई आत, नळी भरली. पेर्वांशने रवंथसुद्धा थांबवला नाही. अर्ध्या गायी उरकल्यावर मी ठरल्याप्रमाणे कॉफीचं काढलं. बाई म्हणाल्या, घाई आहे, खाली अजून तीन गोठे आहेत. मी त्यांचा कोपर धरला तो वर स्वयंपाकघरात नेऊनच सोडला.

कॉफी त्यांनी एका घोटात संपवली. मेल्या कपाचा आकार तो केवढा! मग मी चीज काढलं. या वर्षीचं, गेल्या वर्षीचं, मग कोणत्या कुरणावरच्या दुधाचं कोणतं ते. मग लग्नाचे फोटो. खालून धाडकन आवाज आला. बाई दचकल्या. मी म्हटलं, लाकडं रचतायत. मग बाझीलचा आवाज आला, "चल ना गं माझे राणी, पाया पडतो तुझ्या!" बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लाकडांशी बोलायची सवय आहे त्यांना. आणि मी मोठ्याने आजोबांच्या आजारपणाची हकीकत सुरू केली. आजोबा माझे ठणठणीत असताना गेले होते, पण त्या दिवशी मी त्यांना एकेक अवयव घेऊन आजारी पाडलं.

शेवटी बाई उठल्याच. खाली गेलो तर बाझील घामाने निथळत उभा, टोपी गायब, एका पायात बूट नाही. पण तांपेतच्या जागी पेर्वांश शहाण्यासारखी उभी होती. बाझीलने तिच्या कानाजवळ वाकून तांपेतचा नंबर खणखणीत आवाजात सांगितला. बाईंनी शेपटी उचलली आणि थांबल्या.

"इथे रक्ताचा थेंब आहे. ताजा."

"माशी चावली असेल," बाझील म्हणाला.

"मार्च महिन्यात?"

"आमचा गोठा उबदार आहे फार."

बाईंनी थेंब पुसला. सुई टोचली. पेर्वांशने या वेळी मात्र मान वळवून आमच्याकडे एक नजर टाकली. आत्ताच तर दिलं होतं ना, असं त्या नजरेत स्वच्छ लिहिलेलं होतं. मला तिची फार कणव आली. संध्याकाळी मी तिला बटाट्याची सालं जास्त घातली.

नळ्या पेटीत ठेवता ठेवता बाई सहज म्हणाल्या की यंदा याच रक्तातून गाय गाभण आहे की नाही तेही बघणार आहेत. झुंजीला फक्त गाभण गाय उतरवायची, हा नियम आमच्याकडे जुनाच. पण गेल्या वर्षी कोणीतरी भाकड गाय उतरवून दंगा करून ठेवला होता, म्हणून समितीने यंदा पोट चाचपणं, मालकाची शपथ, सगळं बंद केलं होतं. रक्त सांगेल तेच खरं.

"बघा की, बघा!" बाझील छाती फुगवून म्हणाला. "आमच्या तांपेतला सातवा लागलाय!"

बाई गेल्या. बाझील रात्रीच्या जेवणापर्यंत शीळ घालत होता. सूप वाढलं, त्याने ब्रेड बुडवला, चमचा तोंडाशी नेला आणि तो तिथेच राहिला.

"ओझेली," तो बारीक आवाजात म्हणाला, "पेर्वांश गाभण आहे का गं?"

पेर्वांशला त्या वर्षी दोनदा वळूकडे नेलं होतं. दोन्ही वेळा ती शांतपणे गवत खात उभी राहिली आणि कंटाळून वळूनेच पाठ फिरवली. मी मान हलवली. चमचा सुपात पडला, सूप माझ्या धुतलेल्या टेबलक्लॉथवर पडलं आणि बाझील उपाशीच झोपायला गेला.

निकाल घेऊन आला तो सेराफिनच. तो समितीवर होता, हे सांगायचं राहिलं. कोणाच्या मयतीला आल्यासारखा टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, अक्का, दाजी, मन घट्ट करा. तुमच्या तांपेतच्या पोटात काही नाही. पेर्वांशच्याही नाही. मग खुर्चीवर बसून त्याने माझ्याच हातची वाइन पीत आमच्या गोठ्याच्या हवेबद्दल काळजी व्यक्त केली.

"माझी तांपेत भाकड?" बाझील उठलाच. "खाली चल. पोट बघ तिचं. दारातून बाहेर काढताना आडवी करावी लागते!"

"पोट मलाही दिसतंय, दाजी. पण नियम म्हणजे नियम. रक्त म्हणेल ते."

अशी पंचाईत झाली. तांपेत पोटाने गाभण आणि कागदाने भाकड! खरं सांगावं तर फसवणूक केली म्हणून समिती आमच्या गोठ्याचं नाव कायमचं काढणार. न सांगावं तर तांपेतची शेवटची झुंज गेली. बाझील गोठ्यात जाऊन तिच्या मानेवर डोकं ठेवून बसला. मी जेवायला बोलवायला गेले तर डोळे लाल. म्हणाला, मीच घालवलं गं. मला त्याला दोन शब्द सुनावायचे होते, चांगले पाठ करून गेले होते, पण तोंडातून निघाले नाहीत. मीही तिथेच गवतावर टेकले.

मार्ग एकच होता. यंत्राने चूक केली असं म्हणून पुन्हा तपासणी मागायची. म्हणजे तांपेतचं रक्त काढायचं, खरोखरचं, आणि तेही झुंजीच्या अगदी तोंडावर. जे टाळायला एवढा खटाटोप केला तेच आता हात जोडून मागायचं. बाझीलने दोन दिवस विचार केला आणि मग गपचूप टोपी घालून अर्ज द्यायला गेला.

या खेपेला सेराफिन साक्षीदार म्हणून हजर होता. त्याच्यामागे अर्धी आळी होती, कारण गावात तेव्हा दुसरं काही घडत नव्हतं. तांपेतची शेपटी बाझीलने स्वतः धरली. त्याने डोळे मिटले होते आणि ओठांत काहीतरी पुटपुटत होता. गाय मजेत चघळत होती, घाम फुटला होता तो नवऱ्याला. सुई आत गेली तेव्हा "आई गं!" असा आवाज आला तो त्याचाच.

डॉक्टर लोरेदाना जाताना फाटकाशी थांबल्या आणि हळूच मला म्हणाल्या, "या गायीची आज पहिल्यांदाच ओळख झाली."

मी इकडेतिकडे बघितलं आणि कॉफी घ्यायला चला म्हटलं.

"नको बाई," त्या म्हणाल्या, "मागच्या वेळचे आजोबा अजून पचायचेत." आणि हसत गाडीत बसल्या. देव त्यांचं भलं करो.

निकाल आला. तांपेत गाभण. पण बाझीलच्या तोंडावर आनंद नव्हता. त्याच्या हिशेबाने हिमतीची पहिली धार गेली होती आणि ती परत भरून काढायला हवी होती. रक्त लाल, वाइन लाल. एवढा विचार त्याला पुरला. आमच्या मळ्यातल्या द्राक्षांची ती वाइन. माझ्या सासऱ्यांच्या वेळची कृती, पाहुण्यांनी दुसरा पेला मागितला तर आम्ही त्यांचं अंथरूण घालून ठेवायचो. त्यात राईचा शिळा ब्रेड भिजवून तो तांपेतला रोज भरवू लागला. मी ओरडले, तर म्हणाला, बाळंतिणीला देतातच की. झुंजीच्या सकाळी त्याने अख्खी बादली दिली. तांपेतने बादली चाटून पुसून स्वच्छ केली आणि बाझीलचा कान चाटला.

मैदानाकडे जाताना ती रस्त्याच्या दोन्ही कडांनी चालत होती. बाझील म्हणाला, बघ, कशी रगीत चालतेय!

चिठ्ठ्या काढल्या. पहिलीच जोडी लागली तांपेत आणि मार्कीझ. बाझीलने माझा हात धरला तो इतका घट्ट की अंगठी रुतली. पलीकडून सेराफिनने टोपी उडवून नमस्कार केला.

मार्कीझ मैदानात आली, खुराने माती उकरली, डोकं खाली घातलं. तांपेत आली. तिने चौफेर बघितलं, मध्यभागी चालत गेली, जागा पसंत केली, पुढचे गुडघे दुमडले आणि बसली. नुसती बसली नाही, ऐसपैस बसली आणि डोळे मिटले.

लोक जे हसत सुटले! बाझीलने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. "गेली," तो पुटपुटला, "सगळी हिंमत गेली. नळीत गेली."

मार्कीझची मात्र पंचाईत झाली होती. तिने उभ्या आयुष्यात बसलेल्या गायीशी झुंज केली नव्हती. ती एका बाजूने आली, दुसऱ्या बाजूने आली, शिंगाने हलकेच ढोसून बघितलं. तांपेतने एक लांब, खोल ढेकर दिली. मार्कीझने नाक पुढे नेलं, वास घेतला, मान झटकली, पुन्हा घेतला. आणि मग वळली, शेपटी आमच्याकडे केली आणि मैदानाच्या कडेचं गवत खायला निघून गेली.

पंच एकमेकांकडे बघायला लागले. त्यांच्यात बराच वेळ खुसरपुसर चालली. सेराफिन मध्ये घुसून सांगत होता की ही झुंज झालीच नाही. तेव्हा सगळ्यात म्हातारा पंच त्याला म्हणाला, "पोरा, जी आधी पाठ फिरवते ती हरते. आणि महिनाभर आमच्या कानीकपाळी ओरडत होतास ना, नियम म्हणजे नियम?"

तांपेत जिंकली! झोपेत जिंकली!

पुढच्या फेरीला तिला उठवायला पाच जण लागले आणि समोरच्या गायीने नुसता श्वास सोडला तशी ती बाजूला झाली. तुरा भलत्याच गावाला गेला. बाझीलला त्याचं काही नव्हतं. त्याने तांपेतला विनातुऱ्याचीच गावातून मिरवली, सेराफिनच्या खिडकीखालून नेली, तीही दोनदा, आणि तोंड वर करून विचारलं, "काय सेराफिन, झालं का जेवण?" माझी भावजय सांगते, त्या दिवशी सेराफिनने ताटाला हात लावला नव्हता. वासरू पुढे वेळेवर झालं आणि धडधाकट झालं. फक्त जन्माला आलं ते जांभई देत.

पण गंमत पुढेच आहे. एवढा प्रकार होऊन बाझीलने वाइनला काडीचं श्रेय दिलं नाही. त्याचं म्हणणं पडलं, वाइनचा घोट सणासुदीला तिला दरवर्षीच मिळतो, यंदा नवीन काय झालं? रक्त काढलं! वडील चुकले होते. रक्ताबरोबर हिंमत जात नाही, भीती जाते. पहिली धार भीतीची असते. हे त्याने दारूच्या गुत्त्यात इतक्या छातीठोकपणे सांगितलं की पुढच्या वर्षी डॉक्टर लोरेदाना आल्या तेव्हा माणसं गायी घेऊन फाटकाबाहेर उभी. बाई, आमच्या हिचं आधी काढा. बाई, आमच्या हिच्या दोन नळ्या काढा. सेराफिन मार्कीझला घेऊन सगळ्यात पुढे. मी बाझीलला कधी समजावत बसले नाही. चाळीस वर्षं संसार केला की कोणती गोष्ट समजवायची आणि कोणती सोडून द्यायची हे कळतं.

आता त्या गोठ्यात माझी लाकडं असतात. गाय एकही नाही. थंडीच्या दिवसांत सकाळी दार उघडलं की गायींच्या अंगाची ऊब तोंडावर यायची, ती आता येत नाही. सगळ्यात जास्त आठवण मला त्याचीच येते. तांपेत गेली, पेर्वांश गेली, मार्कीझ गेली. बाझीलही गेला.

शेवटी शेवटी तो खालच्या शहरातल्या दवाखान्यात होता. रोज सकाळी नर्स रक्त काढायला यायची. शेजारच्या खाटांवरचे म्हातारे कुरकुर करायचे, अंगात आहेच किती म्हणायचे. बाझील बाही वर करून वाट बघत बसलेला असायचा. एकदा मी तिथेच होते. नर्सने एक नळी भरली, तशी म्हणाला, "पोरी, अजून एक काढ. दुपारी मेहुण्याशी पत्ते खेळायचेत."

सेराफिन दुपारी आला, काठी टेकत, माझ्याहून धाकटा असून माझ्याहून वाकलेला. बाझीलने आधी सकाळच्या दोन नळ्यांची बढाई मारली, मग दोघं खाटेवर पत्ते मांडून बसले. आयुष्यभर पत्त्यांतही बाझील त्याच्याकडून हरतच आला होता. त्या दिवशी तिन्ही डाव जिंकला. पांघरुणावर हात आपटून हसला, इतका हसला की नर्स धावत आली. मग दमून झोपला.

मी सेराफिनला सोडायला बाहेर व्हरांड्यात आले. तो भिंतीला टेकून बराच वेळ चष्मा पुसत राहिला. मी म्हटलं, काय रे, आज कसा काय हरलास?

"पानं भारी होती माझ्याकडे, अक्का," तो म्हणाला. "तिन्ही वेळा. काय करणार, दाजींनी दोन नळ्या काढून घेतल्या होत्या."